झाकण बदललं, कोड पुसला, तरी लाइट परत आली: पेट्रोलच्या वाफेची गळती घरी कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. चेक इंजिनची लाइट लागली, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या गळतीचा कोड आला, कोणीतरी म्हणालं टाकीचं झाकण बदल, ते बदललं, कोड पुसला, आठवडाभर सगळं बरं होतं आणि लाइट पुन्हा हजर. गाडी चालायला एकदम मस्त, ॲव्हरेज पडलेलं नाही, फक्त टाकी फुल केली की उभ्या गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा हलका वास येतो. आता पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, मागवावा का, आणि हे घरी होण्यासारखं आहे का?

घरी होण्यासारखं आहे, पण पर्ज व्हॉल्व्ह लगेच मागवू नका. या भानगडीत लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात ते याच पद्धतीनं, आधी झाकण, मग पर्ज, मग व्हेंट, मग कॅनिस्टर, आणि शेवटी कळतं की एक ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी रिंग, पिळली गेली होती.

आणि झाकण बदलल्यावर आठवडाभर लाइट आली नाही म्हणून झाकणानं थोडा तरी फरक पडला असं वाटत असेल तर तो बहुतेक भास आहे. गाडी गळतीची टेस्ट स्वतःच करते, पण रोज करत नाही. टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे हवी, इंजिन रात्रभर उभं राहून थंड झालेलं हवं, बाहेर फार थंडी नको नि फार ऊनही नको, एवढं सगळं जुळलं तर टेस्ट चालते, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोनदा नापास झाल्याशिवाय लाइट लागत नाही. म्हणजे तुम्ही कोड पुसल्यावर गाडीनं परीक्षाच घेतली नव्हती, घेतली तेव्हा नापास.

कोड काय सांगतो ते नीट समजून घ्या. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान, ढोबळ मानानं १ मिलिमीटरच्या भोकाएवढी, आणि तुमचा पी०४५६ म्हणजे अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, शिवणाच्या सुईनं पाडलेल्या भोकाहूनही बारीक. हा आकार झाला, जागा नाही! झाकणाकडे थेट बोट दाखवणारा कोड पी०४५७ आहे, तो तुम्हाला आलेलाच नाही.

आता ही सिस्टिम काय करते ते दोन मिनिटांत सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं आहे. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत सोडायची नाही म्हणून नळीनं कोळशाच्या डब्यात नेतात, म्हणजे कॅनिस्टर, त्यातला कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना इंजिनाजवळचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. ओढताना बाहेरची हवा आत यायला पाहिजे ना, ती कॅनिस्टरजवळच्या व्हेंट व्हॉल्व्हमधून येते. आता लक्षात ठेवायची गोष्ट ही की करंट नसताना पर्ज बंद असतो आणि व्हेंट बहुतेक गाड्यांत उघडा असतो. टेस्ट करताना गाडी दोन्ही बंद करते आणि टाकीवरचा प्रेशर सेन्सर बघतो की आतला व्हॅक्यूम किंवा दाब टिकतोय का. काही गाड्या हे इंजिन बंद झाल्यावर करतात, टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलमधे गाडी बंद करून पाचेक तास झाले की मागे एक छोटा पंप आपोआप चालू होतो, मध्यरात्री गाडीतून गुणगुण ऐकू आली म्हणून घाबरून फोन करणारे लोक मी पाहिलेत.

काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही वगळून पुढे जाऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोचते. हवेत तिचं प्रमाण दीडेक टक्का झालं तरी पेट घेऊ शकते. त्यामुळे उघड्यावर काम करा, इंजिन थंड, जवळ गॅसचा गीझर नाही, हॅलोजनचा दिवा नाही, एलईडी टॉर्च वापरा, अग्निशामक हाताशी ठेवा. गाडीखाली जायचं तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आणि खाली पेट्रोलचा ओला डाग किंवा थेंब दिसला तर हा लेख बाजूला ठेवा, ती वाफेची गळती नाही, गाडी चालवू नका आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा.

पहिला तपास हत्याराचा नाही, आठवणीचा. लाइट लागायच्या आधी गाडीवर काय काम झालं होतं? मी गाडी बघायच्या आधी हेच विचारतो आणि अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. एकदा एक गाडी आली, कोड हाच, मालकानं झाकण आणि पर्ज दोन्ही नवीन टाकलेले, मी खालून सगळ्या नळ्या बोटांनी चाचपल्या, काही नाही. बोलता बोलता म्हणाला की हां, मागच्या वर्षी पेट्रोल पंप बदलला होता पण तो तर चांगला चालतोय. मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं, पंपाची मोठी रिंग खोलली आणि खालचं रबर सील बघितलं तर एका जागी, जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या भागात, ते खाचेतून बाहेर येऊन दाबलं गेलं होतं, चपटं, कडेला चकचकीत. पंप चालायला त्याचा काही संबंधच नाही त्यामुळे तो मस्तच चालणार! नवीन सील टाकलं, काम संपलं. तुमच्या केसमधे टाकी फुल केल्यावर वास येतो ही फार महत्त्वाची खूण आहे, कारण गळती टाकीच्या वरच्या अंगाला असेल, पंपाचं सील, टाकीवरचे नळ्यांचे जोड किंवा भरायच्या नळीचा वरचा भाग, तर फुल टाकीवर ती जास्त जाणवते. मी तुमच्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. स्कॅनरमधे फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडतानाची नोंद, बघा, कोड पडला त्या वेळी टाकीत किती पेट्रोल होतं ते बऱ्याच गाड्यांत नोंदलेलं असतं, ते या अंदाजाशी जुळतं का बघा.

मग नजर आणि बोटं. झाकण नवीन असलं तरी ते ज्या काठावर बसतं तो काठ बघितलात का? पत्र्याची नळी असेल तर काठाला गंज धरतो, खड्डे पडतात, तिथे कितीही नवीन झाकण लावा, बसणार नाही. कापडानं पुसा आणि नखानं फिरवून बघा, खरखरीत लागतंय का. मागच्या चाकाच्या वर जिथे ही नळी वळते तिथे चिखल साठतो आणि ती आतून सडते, वरून रंग शाबूत दिसतो. रबरी नळ्या नुसत्या बघू नका, वाकवून बघा, विशेषतः जोडाच्या टोकाला आणि खालच्या अंगाला, चीर नेहमी आपल्याला दिसणार नाही त्या बाजूला असते हा माझा तरी अनुभव आहे. प्लास्टिकच्या नळ्या मात्र जोर लावून वाकवू नका, जुन्या झाल्यावर त्या बिस्किटासारख्या तुटतात आणि मग एक गळती शोधायला गेलात आणि दोन झाल्या असं होतं. इंजिनच्या बाजूला सर्व्हिस पोर्ट, म्हणजे याच नळीवर तपासणीसाठी ठेवलेलं तोंड, असेल तर त्याची छोटी हिरवी टोपी आणि आतला व्हॉल्व्हही बघून घ्या, लोक विसरतात.

पर्ज व्हॉल्व्हची टेस्ट फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे, म्हणून विकत घ्यायच्या आधी करा. इंजिन चालू, आयडलवर, पर्जचं कनेक्टर काढा, मग कॅनिस्टरकडून येणारी नळी पर्जवरून सोडवा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. कनेक्टर काढलेला आहे म्हणजे व्हॉल्व्ह बंदच असला पाहिजे, बोटाला जराही ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह आतून सुटतोय. ओढ न लागली तरी समाधान नको, अर्ध्या मिलिमीटरची गळती बोटाला कळत नाही, व्हॉल्व्ह काढून त्याच्या इंजिनाकडच्या तोंडाला हातानं चालवायचा व्हॅक्यूम पंप लावा आणि काटा हलतोय का एक-दोन मिनिटं बघा. मल्टिमीटरनं ओहम मोजणारे खूप भेटतात, बऱ्याच व्हॉल्व्हचे १५ ते ३० ओहम येतात, पण त्यानं फक्त कॉइल शाबूत आहे एवढंच कळतं, सील बसतंय की नाही ते नाही. व्हॉल्व्हच्या तोंडातून काळे कण निघाले तर थांबा, तो कॅनिस्टरमधला कोळसा आहे, म्हणजे कॅनिस्टर आतून फुटलाय आणि नवीन पर्जमधेही तेच कण जाऊन अडकणार. कनेक्टर काढल्यामुळे एखादा जास्तीचा कोड येईल, त्याला घाबरू नका, शेवटी पुसायचाच आहे.

व्हेंट व्हॉल्व्ह मागे, गाडीच्या खाली, धुळीत असतो आणि म्हणून जास्त बिघडतो. आतली झडप जिथे टेकते त्या बैठकीवर एक वाळूचा कण बसला तरी तो पूर्ण बंद होत नाही आणि तुम्हाला बारीक गळतीचा कोड मिळतो. उलट तो किंवा त्याची नळी चोंदली तर पेट्रोल भरताना नोझल सारखं टक टक करून बंद पडतं, ही त्याची ओळख. यात कोळीसुद्धा येतात, थट्टा नाही, २०११ मधे माझदानं माझदा ६ गाड्या हजारोंनी परत बोलावल्या होत्या कारण एक पिवळा कोळी या व्हेंटच्या नळीत जाळं करायचा, हवा आत जायची बंद आणि टाकीत व्हॅक्यूम होऊन तिला तडा जायची भीती. टेस्ट करायला व्हॉल्व्ह काढून टाकीपासून लांब टेबलावर न्या, गाडीखाली १२ व्होल्टच्या वायरी लावत बसू नका, ठिणगी पडते. करंट न देता हवा सहज गेली पाहिजे, करंट दिल्यावर टक आवाज आणि हवा बंद. बंद असताना हातपंपानं व्हॅक्यूम धरतोय का बघा, आणि करंट काही सेकंदच द्या नाहीतर कॉइल तापते. तोंड लावून ओढू नका, आत पेट्रोलची वाफ आहे.

दोन्ही व्हॉल्व्ह चांगले निघाले की मग तुकडे पाडायचे. सगळी सिस्टिम एकदम तपासायला जाऊ नका, पर्जपासून कॅनिस्टरपर्यंतची लांब नळी एक भाग, कॅनिस्टर आणि व्हेंट दुसरा, टाकी तिसरा. पहिल्या भागाचं एक तोंड बुचानं बंद करा, दुसऱ्याला हातपंप लावा, व्हॅक्यूम धरला की तो भाग बाद. इथे एक मोठी चूक होते ती सांगतो. हातपंपाच्या डायलवर ३० इंच मर्क्युरीपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं माप) आकडे असतात आणि माणसाला वाटतं निदान दहा-पंधरा तरी ओढू, नुसत्या नळीला ते चालेल, पण टाकी आणि कॅनिस्टरला १ इंच मर्क्युरी, म्हणजे ३.४ किलोपास्कलच्या वर अजिबात नको, टाकी आत चेपते. एवढ्यात डायलचा काटा जेमतेम हललेला दिसतो, मोजायचं कसं? साधा उपाय आहे, पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पट्टीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्यानं भरा, एक टोक सिस्टिमला, एक उघडं. दोन बाजूंच्या पाण्यात २५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण २.५ किलोपास्कल, भरपूर झालं. डायलवर न दिसणारी गळती इथे पाणी हळूहळू सरकताना डोळ्यांनी दिसते, आणि चुकून जास्त ओढलंत तर पाणी नळीत ओढलं जातं आणि लगेच कळतं, म्हणून मधे एक रिकामी बाटली ठेवा म्हणजे पाणी कॅनिस्टरपर्यंत जाणार नाही, कोळशाला पाणी लागलं तर तो गेलाच.

टाकीचा भाग हातपंपानं करायला बसलात तर हात दुखेल, रिकामी जागा फार असते. तिथे स्कॅनर कामाचा, पण नुसता कोड वाचणारा नाही, व्हॉल्व्ह उघडबंद करता येणारा. व्हेंट बंद करायचा, पर्ज थोडा उघडायचा, इंजिन स्वतःच व्हॅक्यूम ओढतं, टाकीच्या प्रेशरचा आकडा खाली आला की पर्ज बंद करायचा आणि आकडा किती वेगानं परत वर येतो ते बघत बसायचं. पहिले दोन भाग आधीच बाद झाले असतील तर आता उरतं काय, पंपाचं सील, प्रेशर सेन्सरची ओ-रिंग, भरायची नळी आणि टाकीवरचे छोटे व्हॉल्व्ह. मागच्या सीटखाली झाकण असेल तर ते उघडून बघायला अर्धा तास, नसेल तर टाकी उतरवावी लागते आणि ते काम घरी करू नका, पेट्रोलनं भरलेली टाकी जॅकवर तोलत उतरवणं हा शौकाचा विषय नाही.

स्मोक मशीनबद्दल, म्हणजे नळ्यांत धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते बघायच्या यंत्राबद्दल, आता विचाराल. बरणीत तेल, त्यात ग्लो प्लग, मागून कॉम्प्रेसरची हवा, असं घरगुती मशीन बनवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. इंजिनच्या इनटेकची गळती शोधायला वापरा, माझी काही हरकत नाही. पेट्रोलच्या टाकीला नको. तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ एकाच नळीला जोडायची, वर त्यात ताजी हवा ढकलायची, म्हणजे आगीला लागतं ते सगळं आपणच आणून दिलं. गॅरेजमधे यासाठी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात आणि दाब ठेवतात साधारण ३.५ किलोपास्कल, अर्धा पीएसआय. घरचा कॉम्प्रेसर ६००-८०० किलोपास्कल देतो, रेग्युलेटर कितीही खाली केलात तरी तो एवढ्या बारीक दाबावर विश्वासाचा नाही आणि सील फुटतात. वरचं सगळं करून सापडलं नाही तर गॅरेजमधे फक्त स्मोक टेस्ट करून घ्या आणि दुरुस्ती घरी करा, त्यात कमीपणा काही नाही. उभं राहून बघा मात्र, धूर भरताना आधी झाकण उघडं ठेवून तिथून धूर बाहेर आला की मगच बंद करायचं, नाहीतर धूर टाकीपर्यंत पोचलेलाच नसतो आणि गळती नाही असं सांगून मोकळे होतात.

दुरुस्तीत फार बोलण्यासारखं नाही, नियम एकच, जे होतं तसंच परत टाका. रबरी नळी पेट्रोलच्या वाफेसाठीचीच हवी, साधी व्हॅक्यूमची नळी काही महिन्यांत फुगते, आणि सिलिकॉनची दिसायला सुंदर निळी नळी तर अजिबात नको, तिच्यातून वाफ आरपार झिरपते, म्हणजे नवीन नळी टाकून गळती तशीच. क्विक कनेक्टरचा, म्हणजे दाबून बसणारा, जोड गळत असेल तर आतली ओ-रिंग बदला, वरून सीलंट थापू नका, पेट्रोलपुढे ते टिकत नाही. प्लास्टिकच्या नळीला तडा असेल तर ती बदला. पंपाचं सील एकदा काढलं की पुन्हा वापरू नका, पेट्रोल लागून ते फुगलेलं असतं आणि खाचेत परत बसत नाही, जबरदस्तीनं बसवलं की माझ्या त्या गाडीसारखं होतं. रिंग घट्ट करायला लोखंडी छिन्नी-हातोडा घेऊ नका, लाकूड किंवा पितळ. कॅनिस्टर बदलायची वेळ आली तर तो का गेला ते बघा, नोझल बंद झाल्यावरही अजून थोडं, अजून थोडं करत टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर पातळ पेट्रोल कोळशात जातं आणि नवीनही तसाच जाईल.

शेवटी खात्री. कोड पुसला आणि लाइट गेली याला दुरुस्ती म्हणत नाहीत, हे तर तुम्ही झाकणाच्या वेळी बघितलंच. टाकी निम्मी ठेवा, रात्रभर गाडी उभी, सकाळी चालू करून थोडं शहरात थोडं मोकळ्या रस्त्यावर चालवा, मधे पेट्रोल भरू नका, परत रात्रभर उभी. असं काही दिवस करत स्कॅनरमधे ईव्हॅप मॉनिटर, म्हणजे ही वाफेची टेस्ट पूर्ण झाली की नाही ते, बघत राहा, तो अपूर्ण दाखवतोय तोपर्यंत लाइट नसण्याला काही अर्थ नाही. मॉनिटर पूर्ण झाला आणि पेंडिंग कोडही नाही, म्हणजे एकदा नापास होऊन लाइट न लागता नोंदलेला कोडही नाही, तर झालं काम. मॉनिटर पूर्ण व्हायच्या आत पेंडिंगमधे पी०४५६ दिसला तर लाइट लागायची वाट बघू नका, परत सीट उचला, आणि या वेळी प्रेशर सेन्सरची ओ-रिंग आधी.